सातासमुद्रांपलीकडचे बाळंतपण



नरसीत व्याख्यान द्यायला उभे राहणे आम्हांला जरा अवघड जाते. विद्वत्ता थोडी हे एक कारण झालेच. पण खरे कारण असे की, समोर बसलेल्यांपैकी निदान दहाबारा जणींनी आम्हांला परकर-पोलक्यात कयाधूच्या वाळूत झिरे उकरताना पाहिले आहे. माहेरवाशिणीने माहेरी येऊन उपदेश करावा ही काही रीत नव्हे. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून घडले तेवढे सांगतो.

चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘परदेशातील वास्तव्य’ असे आम्ही मोघम कळवले होते. त्यांना वाटले असेल, बाई उंच उंच इमारतींचे वर्णन करतील. त्या इमारती आता घरोघरच्या मोबाइलमध्ये दिसतात. त्यासाठी तुम्हांला या उन्हाळ्यात सतरंजीवर बसवण्याचे कारण नाही. आम्ही बोलणार आहोत ते बाळंतपणाविषयी. पुरुष मंडळींनी कृपा करून उठून जाऊ नये. या विषयात पुरुषांनी फार दिवस बाहेरच्या ओसरीवर बसून घेतले आहे. आणि भाषणभर ‘आम्ही, आम्ही’ म्हणतो तो मोठेपणासाठी नाही. जे सांगायचे आहे त्यात आमच्या आईचा वाटा आमच्याहून मोठा आहे. एकटीच्या नावावर ते खपवणे बरे दिसणार नाही.

आम्ही १९७७ साली अमेरिकेत गेलो. हिंगोलीला छोट्या गाडीत बसलो, पूर्णेला गाडी बदलली, मनमाडला मोठ्या गाडीत चढलो आणि मुंबईहून विमानाने निघालो. यजमान अभियंता, त्यांची नोकरी फिलाडेल्फिया शहरात. १९७९ च्या फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडलेले असताना, आम्हांला मुलगी झाली.

तेथील इस्पितळाला नाव ठेवायला जागा नव्हती. स्वच्छ खोली, हाकेला डॉक्टर, नाडी मोजणारी यंत्रे. यजमानांना आधी सहा आठवडे वर्गात बसवून, बायकोने कळा कशा सोसाव्यात नि श्वास कसा घ्यावा, याचे धडे दिले होते. आमच्या वडिलांना हे कळले असते तर त्यांनी जावयाचे तोंड पाहिले नसते. कळा वाढल्या तेव्हा आम्ही, कोणतीही मराठी बाई मारील तशी, आईला हाक मारू लागलो. उशाशी एक काळी परिचारिका होती, वयाने पोक्त आणि अतिशय मायाळू. ती पुन्हा पुन्हा खाली वाकून विचारी, “काय? तुला काय होतेय? पुढे सांग.” आम्हांला उलगडा होईना. नंतर ध्यानात आले. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे मी. आम्ही ‘आई, आई’ म्हणत होतो आणि त्या बाईला वाटत होते की ही मुलगी ‘मी, मी’ म्हणते आहे आणि वाक्य काही पुरे करीत नाही!

पुढे आम्ही हा किस्सा पुष्कळांना हसत हसत सांगितला. त्या रात्री मात्र हसू आले नाही. मुलगी झाल्यावर आम्हांला पाणी दिले ते बर्फ घालून, आणि वर आइस्क्रीम. मुलगी काचेपलीकडच्या खोलीत इतर पोरांच्या रांगेत ठेवली. चार चार तासांनी पाजायला आणून देत. तिसऱ्या दिवशी घरी. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पाचव्या दिवशी आम्ही पाट मांडला, सटवाईच्या नावाने कोरा कागद आणि लेखणी ठेवली, आणि यजमानांनी हौसेने ओव्याची धुरी केली. धुराबरोबर छतावरची धोक्याची घंटा वाजू लागली आणि सगळ्या मजल्यांवरची माणसे झोपेच्या कपड्यांनिशी बर्फात जाऊन उभी राहिली. सटवाईने त्या रात्री आमच्या पोरीच्या कपाळावर काय लिहिले असेल ते असो. इमारतीच्या व्यवस्थापकाने आम्हांला काय लिहिले ते अजून पाठ आहे.

आता मागचे सांगितले पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दिवस राहिल्याचे आम्ही निळ्या हवाई पत्रावर घरी कळवले. तेव्हा पत्राला जायला दहाबारा दिवस, यायला तितकेच. वडील शाळामास्तर. त्यांचे उत्तर शाळेच्या अक्षरात आले: कुळाचाराप्रमाणे सातव्या महिन्याच्या आत माहेरी यावे, तिकिटाची रक्कम शेतावर कर्ज काढून पाठवतो. त्याच पत्राच्या घडीवर, कोपऱ्यात, धाकट्या भावाच्या हाताने आईने लिहवून घेतलेली ओळ होती. आईला लिहिता येत नव्हते. ओळ अशी: “येऊ नको माय. तिथं डाक्टर हाय. तिथंच बाळंत हो.”

वडिलांचे मन आम्हांला कळले. आईचे कळले नाही. परक्या मुलखात पोटुशी लेक एकटी आहे, बाप शेत गहाण टाकायला निघाला आहे, आणि सख्खी आई म्हणते येऊ नको! आम्ही तिच्यावर रागावलो, आणि तो राग चांगला तीन वर्षे टिकला. बाळंतपणात बाईला माहेर आठवते हे जगजाहीर आहे. पण माहेराने दार लावून घेतले म्हणून रडणारी बाळंतीण तुम्ही पाहिली नसेल.

ते दार का लागले, हे खरे तर आम्हांला तेव्हाच समजायला हवे होते. आमच्या आईला सात मुले झाली, जगली चार. याच गावात, मागच्या खोलीत, दोराच्या बाजेवर. आमच्या नवव्या वर्षी झालेला भाऊ आम्हांला आठवतो. सुईण म्हातारी हाताची फार चांगली होती. गावातली अर्धी माणसे तिच्या हातावर आली. तिने रीतीप्रमाणे विळ्याने नाळ कापली. सातव्या दिवशी पोराने दूध तोडले, आठव्या दिवशी त्याचे जबडे आवळले, अंग धनुष्यासारखे ताठ झाले. त्याला धनुर्वात म्हणतात हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. त्या दिवशी घरात ‘बाहेरचे काही झाले’ असे बोलत होते. बारशासाठी आणलेला पाळणा ओसरीवरून परत गेला. आईने बाराव्या दिवशी उठून जात्यावर बसावे तशी ती बसली. कोणी काही बोलले नाही.

आम्हांला जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्या मंडळींविषयी आदर आहे, पण बाळंतिणीच्या खोलीच्या बाबतीत त्यांनी जपून बोलावे. त्या खोलीत माया होती, शेक होता, डिंकाचे लाडू होते, बाजेखाली शेगडी होती, आणि मरणही होते. त्या मरणाला विळ्यावरचा गंज, शेण-मातीचे हात आणि वेळेवर न मिळालेले वाहन कारण होते. हे टळण्यासारखे होते याचा पुरावा म्हणजे ते टळले. गरोदरपणी धनुर्वाताची लस टोचणे आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, एवढ्यावर २०१५ साली आपल्या देशातून माता आणि नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंत होणे गरिबाच्याही आवाक्यात येऊ लागले. २०१८ ते २०२० या वर्षांच्या पाहणीत देशात दर एक लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. तेहतीस हा आकडा लहान वाटतो. ज्या घरची ती बाई असते त्या घराला तो शंभर टक्के असतो. परंतु आमच्या आईच्या पिढीच्या मानाने ही वाट फार पुढे आली आहे.

ही वाट पहिल्यांदा कोणी तुडवली? फिलाडेल्फियात असताना आम्हांला हा प्रश्न पडण्याचे कारण होते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आम्ही लग्नाआधी वाचली होती; ती १९६८ साली निघाली. आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात डॉक्टर झाल्या ते स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज याच शहरातले, हे मुलीला दुपट्यात गुंडाळून खिडकीशी बसलेलो असताना एक दिवस एकदम आठवले. त्यानंतर आम्ही ती कथा कथा म्हणून वाचली नाही.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांनी गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो जगता, ही टोचणी त्यांना पुढे सारे आयुष्य होती. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात उभे राहून सतरा वर्षांच्या त्या मुलीने लोकांना सांगितले की, या देशात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि आपण त्यासाठी अमेरिकेस जात आहोत; हिंदू म्हणून जाऊ नि हिंदू म्हणूनच परत येऊ. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत नवरा नाही, नातलग नाही. कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी केवळ पत्रांच्या ओळखीवर त्यांना पोटच्या मुलीसारखे घरात घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय काय घेतला असेल? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आमच्या मते या एका गोष्टीत त्यांचे सगळे चरित्र आले. ज्या खोलीत आपले मूल गेले त्या खोलीचाच अभ्यास करायला ही बाई साता समुद्रांपलीकडे गेली. तेथील थंडी तिला मानवली नाही, क्षय जडला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक हाती घेऊन ती परतली. पण त्या जागेवर बसणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली, तेव्हा बावीसही पुरी नव्हती. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

१९८० च्या उन्हाळ्यात आम्ही मुलीला कडेवर घेऊन तेथे जाऊन आलो. हडसन नदीच्या काठचे गाव, झाडी दाट. दगड साधा आहे. आम्ही हळदीकुंकू नेले होते, पण आजूबाजूला सगळी क्रूसाची थडगी पाहून ते पर्समधून काढायचा धीर झाला नाही. मुलगी गवतावर बसून माती खात होती. मनात आले, या बाईला जगताना तेथे घराची आठवण येत असेल, आणि आता तिची राख मात्र तेथे आहे, ज्या मावशीने तिला आंघोळीला ऊन पाणी दिले तिच्याजवळ. घर कोणते म्हणायचे? आम्हांला उत्तर सुचले नाही. मात्र परतताना गाडीत आईच्या पत्रातली ती ओळ आठवली, आणि प्रथमच वाटले की आईने दार लावले नव्हते. सासरच्या दारात लेकीला सोडून मागे न पाहता परतणारी बाई करते तसे काहीसे ते होते.

मधल्या काळात बोटीने पाठवलेले एक गाठोडे येऊन पोहोचले होते. मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची. जकातवाल्यांनी ते उसवून पुन्हा शिवले होते. डिंकाचे लाडू काढून घेतलेले. वेखंडाचे तुकडे, बाळंतशेपा आणि गुटीची सहाण मात्र राहिली. बहुधा सहाण म्हणजे दगड, त्याला कीड लागत नाही, असा त्यांनी विचार केला असावा. आणि आईच्या जुन्या लुगड्यांचे हातशिलाईचे एक दुपटे. त्याला वेखंडाचा, चुलीच्या धुराचा आणि आईचा वास होता. यजमान म्हणाले, “आधी धुऊन घे.” आम्ही धुतले नाही. मुलीला ते मिळायच्या आधी आठ दिवस आमच्या उशाशी होते, हे आज प्रथमच चारचौघांत कबूल करतो.

१९८२ साली आम्ही नरसीला आलो. आजी-नातीची भाषा एक नव्हती. मुलीचे पासपोर्टही निराळे. जी जमीन जन्माला लागली तिचे नागरिकत्व, असा त्या देशाचा कायदा. आईने पोरीच्या अंगाला तेल लावले, टाळू भरली, बेंबी नीट निरखून पाहिली. अडीच-तीन वर्षांच्या मुलीची बेंबी पाहण्याचे काय कारण? आम्हांला ते कळले, विचारले नाही. रात्री अंथरुणावर ती एवढेच म्हणाली, “कापायला विळा नसंल ना?” आम्ही नाही म्हटले. “डाक्टरीण होती का बाप्या?” बाई होती, म्हटले. मग ती झोपली. आईला आनंदीबाईंचे नाव ठाऊक नव्हते, पण श्रीरामपूरच्या सभेत विचारलेलाच प्रश्न ती विचारीत होती.

पुढच्या वर्षी आई गेली. पत्र आम्हांला चौदाव्या दिवशी मिळाले.

श्रोतेहो, या गावाने आपला सर्वांत मोठा लेक पंजाबात पाठवला आहे. नामदेवमहाराजांनी उत्तर आयुष्यातली वर्षे गुरदासपूरकडील घुमान गावी काढली, असे परंपरा सांगते. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत आणि त्यांत मराठीचे शब्द वाटेत सांडल्यासारखे जागोजाग भेटतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्याकडची माणसे गाड्या भरभरून गेली. पुष्कळांना तेथे सासरी गेलेल्या लेकीच्या घरी गेल्यासारखे वाटले. आणखी एक गंमत पाहा. आपले संत पुरुष असूनही पंढरीला माहेर म्हणतात. जेथे बिनकामाचे जाता येते आणि गेल्यावर कोणी ‘का आलीस’ म्हणत नाही, त्या जागेला पुरुषांच्या भाषेत शब्दच नव्हता. तो त्यांनी बायकांकडून उसना घेतला. आषाढ वद्य एकादशीला वारकरी पंढरीहून परतवारीला आपल्या गावी येतात. नुसते जाऊन भागत नाही, परतायलाही लागते, हे या गावाइतके कोणाला माहीत असणार?

आता काळ पालटला. २००९ साली आमच्या मुलीचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही भारतात परतून राहिलो होतो आणि ती तिकडे. आम्हांला बोलावणे आले. विमानतळावर पाहतो तो रांगेत आमच्यासारख्या बाराचौदा जणी, पायांत बूट, अंगात स्वेटर, हातात डिंक-अळिवाचे डबे. नांदेड, लातूर, औरंगाबाद, सगळीकडच्या. सहा महिन्यांचा परवाना घेऊन लेकीसुनांच्या बाळंतपणाला निघालेल्या. लेक माहेरी येत नाही, तर माहेरच पेटी बांधून विमानात बसते! सुबत्तेने हे साधले याचा आम्हांला आनंद आहे. पण ज्यांच्यापाशी ती नाही त्यांचे काय, हे सांगितल्यावाचून आज खाली बसणे आम्हांला शोभणार नाही.

परदेश म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. आपल्या आज्या मात्र परमुलखालाही परदेशच म्हणत. दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांची मिळून. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाचसहा महिने पाचटाच्या कोपीत. त्या जोडीतली बाई पोटुशी असली तरी उचल फिटेपर्यंत कोयता मोडत नाही. मागच्या खेपेला याच गावात एका अशा मुलीची भेट झाली. तिचे पहिले बाळंतपण सीमेपलीकडे उसाच्या फडाजवळ झाले. तिथली भाषा कानडी. कोपीतून दवाखान्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर. “आई होती ना,” ती म्हणाली. आम्ही विचारले, “ती कशी आली?” तर म्हणे, “फोनवर होती. रात्रभर बोलत होती. पहाटं ब्याटरी सरली.”

आम्हांला एकदम १९७९ सालची ती खोली दिसली. आमच्या वेळी डॉक्टर होता, आई नव्हती. आमच्या आईच्या वेळी तिची आई उशाशी होती, डॉक्टर नव्हता. या मुलीपाशी दोन्ही धड नव्हते, आणि तिने समुद्रसुद्धा ओलांडलेला नव्हता. बाळंतिणीला पसंतीचे माणूस सोबत असावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आपल्या शिफारशींत लिहिले आहे. चांगले झाले; आमच्या सुईण म्हातारीला ते लिहिता आले नसते, पण ठाऊक होते.

गावाने एवढे करता येईल, असे आम्हांला वाटते. कोयते निघण्याच्या आठवड्यात आशाताई आणि शाळेतल्या बाई यांनी मिळून कोणकोणती गरोदर बाई जाते आहे, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या महिन्यात दिवस भरतात, याची यादी करावी. तपासणीचे कार्ड तिच्या गाठोड्यात असल्याची खात्री करावी. त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता आणि फोन तिच्याजवळ लिहून द्यावा. आणि जिची आई किंवा सासू बरोबर जाऊ शकत नाही तिचे नाव निराळे लिहावे. तिला शेवटचे दोन महिने इथेच ठेवून घेता येईल का, हे मुकादमाशी चार माणसांनी जाऊन बोलावे. एकट्या नवऱ्याचे मुकादम ऐकत नाही, चौघांचे ऐकतो. यादीची वही आम्ही आणली आहे. पहिल्या पानावर त्या मुलीनेच दोन नावे सांगून लिहवली आहेत.

आमचे बोलणे संपले. ते दुपटे आम्ही पिशवीतून आणले आहे. आमच्या मुलीच्या मुलानेही ते वापरले; दोन ठिकाणी रफू केले आहे. ज्या भगिनींना पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर पुढे यावे. आईचे हिरवे लुगडे ज्यांना आठवत असेल त्यांना त्याचा काठ ओळखू येईल. वेखंडाचा वास मात्र आता गेला आहे.